वाळूची सहा पोती

“साहेब, जागं हाय न्हवं?” पुढून ड्रायव्हर इब्राहिमभाईंनी विचारलं.

“जागा?” मी म्हणालो. “तुमच्या गाडीत मेलेला माणूससुद्धा उठून बसेल.”

मी अँब्युलन्सच्या स्ट्रेचरवर उताणा पडलो होतो. छातीवरून एक पट्टा, गुडघ्यांवरून दुसरा. ताप नव्हता, हाड मोडलं नव्हतं. मी पुण्याच्या एका सरकारी वर्कशॉपमधला फोरमन. गाडी फार आदळते अशी तक्रार आली होती, ती बघायला जुन्नरजवळच्या एका दवाखान्यात आलो होतो. आल्या आल्या बॉनेट उघडायला गेलो, तर तिथल्या नर्स सुशीलाबाई म्हणाल्या, “आजार पुढं नाही, मागं आहे. आधी निजा, मग बोला.” आणि मला बांधून मढ गावच्या रस्त्याला लावलं.

बाई शेजारच्या बाकावर कडी धरून बसल्या होत्या. माझं डोकं पुन्हा एकदा मागच्या दारावर आपटलं तेव्हा त्या म्हणाल्या, “हा तर नुसता मुरूम आहे. खडी पुढं लागेल.” बाईंना त्या दिवशी फार बरं वाटत होतं, हे मला चेहऱ्यावरून दिसत होतं.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. दवाखान्याला नवी गाडी मिळाली, तिला हार घातला, नारळ फोडला. पहिलीच पेशंट दिवस भरलेली बाई निघाली. ती दवाखान्यात पोचायच्या आत गाडीतच बाळंत झाली. दोघं वाचली, पण बाईची पाठ काळीनिळी झाली होती. तिनं गावात परत जाऊन जे सांगितलं, त्यानं गाडीचं कल्याण झालं. “त्या गाडीत पोटातलं पोर तोंडात येतं” असं सगळीकडे झालं. त्यानंतर दोन-तीन बायकाच काय त्या बसल्या. बाकीच्यांनी पुन्हा बैलगाडी धरली. बैलगाडीही आदळते, पण हळू आदळते, आणि ‘थांब’ म्हटलं की थांबते.

पट्टे सोडल्यावर सुशीलाबाईंचा चेष्टेचा सूर गेला. त्या दुसरीकडे बघत म्हणाल्या, “मागच्या महिन्यात एक पोर आणली. विशीचीसुद्धा नसेल. दिवसभर बैलगाडीत होती. इथं उतरवली तेव्हा संपलेली. आणि ही बया दारात पुसून उभी.” त्यांनी गाडीच्या पत्र्यावर हात आपटला. मी टायर बघायला लागलो.

त्यात आमच्या ऑफिसनं हिशेब केला होता, की गाडी वापरात नाही म्हणजे गाडीची गरज नाही. तेव्हा ती आंबेगाव तालुक्यात, घोडेगावला पाठवायची. घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणारा त्या वेळचा, याहूनही खडबडीत रस्ता ज्यानं पाहिला असेल, त्याला या निर्णयातली गंमत कळेल. आमचे साहेब स्वतः येऊन गाडी बघणार आणि मग ती हलवणार, असं ठरलं होतं. तेवढीच मुदत माझ्या हातात होती.

गाडी का आदळत होती ते सांगतो. ती जन्मानं अँब्युलन्स नव्हतीच. मालट्रकच्या सांगाड्यावर वर डबा बसवून तिचं बारसं केलेलं. मालट्रकच्या चाकांवर कमानपाटे असतात. म्हणजे पोलादाच्या लांब, वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक रचून मधोमध आवळलेल्या. वर वजन आलं की त्या लवतात आणि रस्त्याचा दणका तिथंच जिरतो. जितके पाटे जास्त, तितकं ओझं जास्त झेपतं. आता टनभर माल वाहण्यासाठी बसवलेले पाटे एका बाळंतिणीच्या वजनानं लवणार कसे? त्यांच्या लेखी गाडी रिकामीच. मग दणका सरळ वर, पेशंटच्या पाठीत.

आधी सोपे उपाय केले. ट्रकच्या सवयीनं टायरमध्ये हवा ठासून भरली होती, ती कमी केली. पाटे गंजून एकमेकांना चिकटले होते, ते उघडून घासले, मधे ग्रीस भरलं. स्ट्रेचर मागच्या चाकाच्याही मागं होतं, ते पुढं ओढून घेतलं. पुन्हा निजलो. आता डोकं आपटत नव्हतं, नुसते दात आपटत होते.

“प्रगती आहे,” सुशीलाबाई म्हणाल्या.

खरा उपाय म्हणजे निम्मे पाटे काढून टाकणं. पण त्याला साहेबांची मंजुरी हवी. तोवर म्हटलं, ज्या बायका या गाडीत बसल्या त्यांनाच विचारावं. बाई आणि मी गाडी घेऊन त्यांच्या घरोघर फिरलो. पहिल्या दोघींनी माझ्या सगळ्या खात्याचा उद्धार केला. तिसरी म्हणाली, “एकडाव तुमच्या साहेबाच्या बायकूला बसवा त्यात. मंग लगीच नीट व्हईल.” मी मान डोलावली. उपाय वाईट नव्हता.

चौथी मढला राहत होती. हौसा तिचं नाव. मांडीवर पोराला थोपटत म्हणाली, “मला तर डोळा लागला व्हता. लई झ्याक गाडी. पाळण्यावानी.”

मी तिच्याकडे बघतच राहिलो. गाडी तीच, रस्ता तोच, ड्रायव्हर तोच. मी इब्राहिमभाईंकडे वळलो. हा माणूस जुन्नरचा, वडिलांच्या वेळेपासून जुन्नर बाजारात टांगा, मग मोटार. बोलायला मिठ्ठास. पण त्या वेळी ते चाकाचे नट फार बारकाईनं बघत होते.

“भाई, त्या दिवशी काही वेगळं केलं होतं?”

“न्हाई साहेब.”

“हवा कमी होती?”

“न्हाई.”

“फार हळू आणली?”

“हळूच आणतो मी, समद्यांना.” त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. “गाडीत मी, बाई न् बाईचा मालक. नियमापरमानं.”

आमच्या धंद्यात एकच मशीन दोन उत्तरं द्यायला लागलं, की एक तर मशीन बदललेलं असतं नाहीतर माणूस खोटं बोलत असतो. मशीनखाली तर मी दोनदा शिरून आलो होतो.

तेवढ्यात हौसाची सासू गुळाचा चहा घेऊन आली. तुळसाबाई म्हणून ठेंगणीशी म्हातारी, आवाज मात्र ओढ्यापलीकडं जाईल असा. कप माझ्या हातात देत म्हणाली, “इबराहिमभाऊ तवाधरनं आमच्या घरचाच झाला. समदी भावकी घिऊन आला न्हवं का. आमी धा जणं, मांडीला मांडी लावून.”

इब्राहिमभाईंनी डोळे मिटून घेतले.

नियम असा होता, की पेशंटबरोबर एकच नातेवाईक. हा नियम पुण्यात बसून केलेला. इकडे माणूस आजारी पडून घराबाहेर निघाला, की भावकी निघते. एकानं भाकरी बांधून घ्यायची, एकीनं रडायचं, एकानं डॉक्टरशी वाद घालायचा, आणि बाकीच्यांनी, हे सगळे गेले म्हणून जायचं. ज्याची भावकी गेली नाही त्याचं घर वर्षभर बोलणी खातं. पहिल्या तिघींच्या भावकीला इब्राहिमभाईंनी नियम सांगून खाली ठेवलं होतं.

परतताना त्यांनी गाडी बाजूला घेतली. “साहेब, नोकरी गेली म्हना.”

“कुणाची?”

“माझीच की. ती म्हातारी पायदानावर बसली. काय केल्या उतरंना. आत बाई वरडती. मी तरी काय करनार? घेतलं समद्यांस्नी.”

मला हसू आवरेना. त्यांना वाटलं साहेबाचं डोकं शेवटी त्या दारानं बिघडवलं. सुशीलाबाईंनाही काही कळेना. मी म्हणालो, “अहो, तुम्ही गाडी दुरुस्त केलीत, आणि मला आठवडाभर तिच्याखाली लोळवलंत.” मग समजावून सांगितलं. दहा माणसांच्या वजनानं पाटे लवले होते. हौसाला झोप लागली ती भावकीच्या पुण्याईनं.

मी पुण्याला येऊन साहेबांसमोर उभा राहिलो. इब्राहिमभाईंचं नाव पोटात ठेवलं.

“निम्मे पाटे काढतो, साहेब. गाडी मऊ होईल.”

“गाडी मंजूर आहे एक टनाची. पाटे काढले की ती अर्ध्या टनाची होणार. अर्ध्या टनाची गाडी आपल्याकडे मंजूरच नाही.”

“पेशंट एक टनाचा नसतो, साहेब.”

“ते आपल्याकडे येत नाही. बरं, काढलेले पाटे जमा कुठं करणार? चांगला माल भंगारात घेत नाहीत, वापरलेला माल स्टोअरमध्ये घेत नाहीत.”

दुर्दैवानं ते बरोबर बोलत होते. मी दुसरीकडून गेलो. “मग गाडीत वजन वाढवू?”

“वाढवा. वजन वाढवायला कोण नको म्हणतंय?”

“पेशंटचे सहा-सात नातेवाईक बसवले तर…”

“नातेवाईक एक.”

“वाळूची पोती?”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. “वाळू चालेल. वाळूबद्दल नियम नाही.”

तर वाळूची सहा पोती मंजूर झाली. एक पोतं एका माणसाच्या वजनाचं भरायचं, फक्त माणूस नको. गाडी सुधारली की नाही ते साहेब स्वतः बघणार. नाही सुधारली तर घोडेगाव.

कुकडीची वाळू भरली, पोती शिवली, तीन इकडे तीन तिकडे बांधली. या वेळी स्ट्रेचरवर सुशीलाबाई स्वतः निजल्या. मढला जाऊन आल्यावर पदर झटकत उतरल्या आणि म्हणाल्या, “आता जमलं बघा. पण बसणार कोण? वाळू बघायला कुणी येत नाही, आणि भावकीला तुम्ही जागा ठेवली नाहीत.” मी पोत्यांच्या गाठी पुन्हा आवळू लागलो.

साहेब आले त्याच सकाळी मढकडून एकजण सायकल दामटत आला. तुळसाबाईची धाकटी सून अडली होती. पोर आडवं होतं. म्हातारीनं सांगून धाडलं होतं, दुसरं काही नको, इबराहिमभाऊला बोलवा. सुशीलाबाईंनी पिशवी उचलली आणि गाडी गेली.

मी आणि साहेब दवाखान्याच्या ओसरीवर बसलो. साहेबांनी विचारलं, “पोती मोजून चढवलीत ना?” मी हो म्हणालो. माझं लक्ष रस्त्याकडे होतं. पाटे लवतील हे मला कागदावर ठाऊक होतं, पण आडवं पोर घेऊन त्या खडीवरून येणारी बाई कागदावर नव्हती. ती विशीची पोर सारखी डोळ्यांपुढे येत होती. हीसुद्धा तशीच उतरली तर गाडी घोडेगावला जाईलच, पण मी पुन्हा कुठल्या गाडीला हात लावू शकेन असं मला वाटत नव्हतं.

दुपारी गाडी आली. खड्ड्यातून आली, पण डुलत आली. मागचं दार उघडून आधी सुशीलाबाई उतरल्या, “डॉक्टर कुठं आहेत?” असं विचारत. मग स्ट्रेचर. सुनेचा चेहरा पांढराफटक होता, पण डोळे उघडे होते आणि ती पाणी मागत होती. तिला आत नेलं.

साहेब निघायला वळणार, तेवढ्यात गाडीतून नवरा उतरला. मग त्याचा थोरला भाऊ. मग एक मावशी, भाकरीचं फडकं सांभाळत. मग चुलता, मग चुलती. साहेब पुढं झाले, आत डोकावले. वाळूचा कण नव्हता.

“पोती कुठं आहेत?” साहेबांनी विचारलं.

इब्राहिमभाई चाकाचे नट बघू लागले. शेवटी तुळसाबाई उतरली, कंबर सरळ केली आणि साहेबांना म्हणाली, “आमीच की ती पोती.”

साहेब रिकाम्या गाडीकडे आणि तिच्याकडे आळीपाळीनं बघू लागले. म्हातारीला वाटलं यांना हिशेब कळला नाही. “नर्सबाई म्हनली, पोती उतरवा न् तेवढीच मानसं बसा. सा पोती, सा मानसं. जादा एक न्हाई घेतला. माझा भाऊ सातवा व्हता, त्याला तितंच ठिवला. लई रागावलाय.”

“आणि आमची पोती?”

“हाईत की पिपळाखाली. माझा भाऊच बसलाय त्यांच्यावर.”

साहेबांची मोठी पंचाईत झाली. नातेवाईक मोजावेत तर नियम मोडला, पोती मोजावीत तर सरकारी वाळू गायब. ते ओसरीवर बसून राहिले. मावशीनं त्यांच्या हातावर भाकरी आणि ठेचा ठेवला, तो त्यांनी खाल्ला. ऊन उतरताना डॉक्टर बाहेर आले. मुलगी झाली होती, आई बरी होती. “वेळेवर आणलीत,” ते म्हणाले, “आणि अंगावर साधा ओरखडा नाही.” सुशीलाबाई त्यांच्या मागं दारात उभ्या होत्या. दिवसभर सगळ्यांना दटावणारी ती बाई पदरात तोंड घालून रडली. मीही रुमाल काढला, पण चष्मा पुसायच्या निमित्तानं.

साहेब उठले. जीपमध्ये बसता बसता मला म्हणाले, “पोती हरवलेली नाहीत. उतरवून ठेवलेली आहेत. बरोबर?”

“बरोबर, साहेब.”

“मग कागदावर बदल काही नाही, आणि गाडी सुधारली आहे. राहू द्या इथंच.”

गाडी राहिली. त्या वर्षात तिला दम खायला फुरसत मिळाली नाही. दरवर्षी तपासणीला पिंपळाखालची सहा पोती आणून दाखवायची आणि परत नेऊन ठेवायची, एवढंच काम वाढलं. मढच्या बाजूला पेशंट निघाला की लोक विचारायचे, “पोती म्हनून कोन कोन चाललंय?” पाटे कुणी कधी काढले नाहीत. पुढं घोडेगावलाही गाडी मिळाली आणि तीही आदळते म्हणून मला विचारणा झाली. मी तिथं जाऊन निजलोसुद्धा नाही. इथूनच कळवलं: वाळूची सहा पोती मंजूर करावीत, आणि ती कुठं उतरवायची ते नर्सबाईंना ठरवू द्यावं.