बैलाची मोठी फाइल

मामांनी देवळाली प्रवराला रसवंती टाकायचं ठरवलं आणि बोर्डावर फोटो नको, भाचीनं काढलेला बैलच हवा, असा हट्ट धरला. मी टॅबवर घुंगरांची माळ घातलेला, मान किंचित तिरकी केलेला बैल काढला. मामा खूश. फ्लेक्सवाल्याला मात्र मी चित्र अगदी लहान करून पाठवलं. मोबाईलवर ते छान दिसतं. बोर्डाएवढं ताणलं की नुसते चौकोन दिसायला लागतात. फ्लेक्सवाले म्हणतात, चित्र फाटलं.

मला ते फाटायलाच हवं होतं. आदल्या वर्षी चुलतबहिणीच्या लग्नपत्रिकेसाठी काढलेला माझा मोर राहात्यात एका साडीच्या दुकानावर दिसला होता. पत्रिका याच फ्लेक्सवाल्याने छापली होती. पुरावा असा काही नव्हता. पण मोराचा डावा पंजा मी चुकून जरा मोठा काढला होता, आणि दुकानावरच्या मोराचाही तसाच होता. मी कुणाला काही बोलले नाही. सहसा बोलत नाहीच.

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन आला. रविवारी उद्घाटन, आणि फ्लेक्सवाला म्हणतोय की मोठी फाइल द्या, तीही ओपन, म्हणजे चित्राचे सगळे लेअर, थर, सुटे असलेली.

"तू कशाला अडून बसलीस गं? बैल काय पळून जातोय व्हय?"

"जाऊ शकतो," मी म्हणाले. मामांना ती गंमत वाटली.

संध्याकाळभर मी रिझोल्यूशनचा आकडा कमी-जास्त करून बघत होते. कमी ठेवला तर मामांचा बोर्ड गावासमोर फाटका. वाढवला तर बैल फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये कायमचा. मधला आकडा सापडेना, कारण मामांच्या बोर्डाला जी फाइल पुरते, ती दुसऱ्या कुणाच्या बोर्डालाही पुरतेच.

मग मी बैलाच्या पाठीवर झूल घातली. तिच्यावर वशिंडापासून शेपटीपर्यंत, नक्षीत गुंफलेलं मामांच्या रसवंतीचं नाव. झूल वेगळी काढता येऊ नये म्हणून सगळे लेअर एकात मिसळले, बोर्डाच्या मापाला लागेल तेवढं रिझोल्यूशन ठेवलं आणि पेन ड्राइव्ह घेऊन स्वतःच फ्लेक्सवाल्याकडे गेले.

त्याने फाइल उघडली, घुंगरांपर्यंत झूम केलं, मान डोलावली. मग स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला, "ताई, झूल नसलेला बैल न्हाई का? असू द्यावा एखादा आपल्याकडं."

"नाही," मी म्हणाले, आणि प्रिंट पूर्ण बाहेर येईपर्यंत मशीनजवळच्या स्टुलावर बसून राहिले.