सिंहाची पाठ

आमच्या गावच्या जुन्या करमणूक बागेच्या कमानीवर चुन्यात घडवलेले दोन सिंह बसलेले आहेत. खालून त्यांच्या फक्त हनुवट्या आणि पंजे दिसतात. परवा दुरुस्ती चालू होती म्हणून मी परांचीवर चढलो, तर महादू मिस्त्री चुना ओला आहे तोवर एका सिंहाच्या पाठीवर आयाळीची एकेक बट कोरत होते. कंत्राटदारानं तिथं नुसता सपाट गिलावा सांगितला होता.

“मिस्त्री, ही पाठ बघणार कोण?” मी विचारलं. देवाबिवाचं उत्तर येईल अशी माझी तयारी होती.

“आकाशपाळण्यातली माणसं,” ते मान वर न करता म्हणाले. “पाळणा वर गेला की पाठच दिसते.”

“अहो, पाळणा मोडून किती वर्षं झाली! तिथं आता गाड्या लावतात.”

“ठाऊक आहे. पण सिंह पाळण्यातनं बघायला केलाय, त्याला मी काय करू?”

पाळण्यातून सिंह दिसायचा तो क्षणभर, आणि तेवढ्यासाठी कुणीतरी ही सबंध पाठ घडवली होती.

लहानपणी त्या पाळण्यात मी कितीदा तरी बसलो. वर चढायला लागला की डोळे गच्च मिटून घ्यायचो, आणि खाली आल्यावर सगळं पाहिल्याचं सांगायचो. सिंहाची पाठ मी परवा पहिल्यांदा पाहिली.