आठ ट्रॅकचे अण्णा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत दुसऱ्याच्या घरातला मिक्सर बंद करायला सांगणारे आणि तो खरोखर बंद करून घेणारे गृहस्थ एकच, अण्णा. गळ्यात हेडफोन अडकवून दारात उभे राहायचे आणि अत्यंत नम्रपणे म्हणायचे, "वहिनी, चार मिनिटं वाटण थांबवता का? अंतरा घेतोय." चाराची चाळीस व्हायची, जेवणं लांबायची, पण अण्णांचा अंतरा काही पुरा व्हायचा नाही.

विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात. अण्णांनी रेकॉर्डर घेतला. पाटाएवढा काळा डबा, त्यावर आठ स्लायडर आणि काडेपेटीएवढा पडदा. तंबोऱ्यापासून कोरसपर्यंत एकेक आवाज वेगळ्या ट्रॅकवर घ्यायचा आणि शेवटी सगळे जुळवायचे, असं ते काम. डब्याचं माहितीपुस्तक तपकिरी कव्हर घालून देवघराशेजारी ठेवलेलं असे. मी एकदा म्हटलं, "अण्णा, हे सगळं आता कॉम्प्युटरवर होतं." त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "तू बँकेत दिवसभर कॉम्प्युटरवरच बसतोस ना? मग एकदा तरी गुणगुणलास का रे तिथे?"

गाणं एकच होतं. शब्द त्यांचे, चालही त्यांचीच. ते कपाटात गायचे. अगदी खरं सांगतोय. आवाज घुमू नये म्हणून कपाटाचं दार उघडून बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, साड्यांत तोंड खुपसून उभे राहायचे. डांबरगोळ्यांच्या वासाने ऐन समेवर शिंक यायची आणि मग पुन्हा पहिल्यापासून. काकूंना लग्नाला जायचं असलं की साडी आदल्या दिवशीच काढून ठेवावी लागे.

मला तबल्याला बोलावलं आणि तीन दिवसांत काढूनही टाकलं. "चांगला वाजवतोस रे, पण लय माणसासारखी हलते." मग ढोलकी त्यांनी स्वतःच वाजवली. पेटीही, झांजाही. कोरसमध्ये चार अण्णा होते आणि त्या चौघांचंही एकमेकांशी पटत नव्हतं.

अखेर सोसायटीच्या पूजेला ते गाणं गच्चीवर लावलं. सुरुवातीलाच स्टीलच्या डब्यांची मांडणी कोसळावी तशा झांजा वाजल्या. पोरांनी कान झाकले, सेक्रेटरी आवाज कमी करायला धावले. आणि अण्णा ओरडले, "अहो, वाढवा! झांजा कुठे ऐकू येतायत?"

सगळे हसले. मीही हसलो.

अण्णांनी दोष डब्याला दिला आणि तो दुरुस्तीला पाठवला. डबा ठणठणीत असल्याचा निरोप घेऊन परत आला. तेव्हा काकूंनी मला जिन्यात गाठलं. "अरे, पूर्वी शेजारच्या कुकरची शिट्टी झाली तरी ओरडायचे. हल्ली आपल्या ओट्यावरची होते तरी गप्प असतात. तू नेतोस का रे यांना डॉक्टरकडे?"

तपासणी झाली. बारीक, उंच आवाज त्यांना ऐकू येईनासे झाले होते. कानाच्या यंत्राने थोडा फरक पडेल, पूर्वीसारखं होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. परतताना रिक्षात अण्णा एकेका हॉर्नला कान देत होते. मग म्हणाले, "म्हणजे झांजा होत्या?"

"होत्या, अण्णा."

"जास्त होत्या?"

"फारच."

घरी आल्यावर त्यांनी डब्यावर टॉवेल टाकला. महिनाभर सोसायटीत मिक्सर मनसोक्त चालले आणि त्याचं कुणाला फारसं सुख झालं नाही.

एका दुपारी काकूंनीच तो टॉवेल काढला आणि हेडफोन आपल्या कानांना लावले. "कुठली दांडी कशाची, ते सांगा मला." अण्णांनी शिकवलं. काकूंचा हात निर्दय निघाला. झांजा पार खाली ओढल्या. ढोलकी काढून मला परत बोलावलं. कोरसमधले तीन अण्णा एका दमात बंद केले. "एवढे कशाला? मला एकच पुरे होतो."

दोन वर्षं रखडलेलं गाणं आठवड्यात झालं. अण्णांनी विचारलं, "कसं झालंय?" आजवर हा प्रश्न विचारायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती.

"दुसऱ्या कडव्यात सूर उतरलाय तुमचा," काकू म्हणाल्या.

अण्णा कपाटाकडे निघालेच होते. काकूंनी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. "राहू दे. तिथेच तुमच्यासारखा वाटतोय आवाज."

अण्णा जाऊन आता दोन वर्षं झाली. डबा काकूंकडेच आहे. सोसायटीतल्या बायका आपली भजनं रेकॉर्ड करायला त्यांच्या बाहेरच्या खोलीत जमतात, मी तबल्याला असतो. परवा एकीला मध्येच खोकला आला. ती ओशाळून थांबली, बाकीच्याही थांबल्या.

"गा गं," काकू म्हणाल्या, "असू दे तो खोकला. उद्या कुणी ऐकलं तर कळेल तरी, की तू होतीस इथे."