आहेर साहेबांची तिसरी रांग

प्रयोगाच्या आधी आहेर साहेब विंगेत चपला काढून ठेवत आणि सगळा रंगमंच अनवाणी चालून येत. घाईनं नाही. एका कडेनं सुरू करून हळूहळू मध्यावर येत, थांबत, वाकत, बोटानं फळी चाचपत. बाहेर आलेला खिळा सापडला की हाक मारत, "पगारे, हातोडी आण." मी तिकीटखिडकीवर रुजू झाले त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा असं चालताना पाहिलं आणि मला वाटलं, माणूस भाविक दिसतोय. तसं बोलूनही गेले. ते हसले. म्हणाले, "ताई, नाटकात मारामारी खोटी, रडणं खोटं, तलवार पुठ्ठ्याची. खिळा तेवढा खरा असतो. आज नाचणाऱ्या मुली आहेत, त्या काय बूट घालून नाचणार?"

नाशिकला तेव्हा स्वतःचं विद्यापीठ नव्हतं. आमचं कॉलेज पुण्याच्या विद्यापीठाला जोडलेलं. पण जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या नाट्यस्पर्धा, युवक महोत्सव, मोठ्या पाहुण्यांची व्याख्यानं आमच्याच रंगमंदिरात होत. रविवारी बाहेरच्या नाटक कंपन्यांना ते भाड्यानं जाई. निवृत्ती आहेर हे त्याचे व्यवस्थापक. सटाण्याकडचे. उंच, किंचित वाकलेले, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालणारे. बोलणं अगदी शहरी, नीटनेटकं. पण राग आला की गावाकडची अहिराणी सुटायची. विंगेत कोणी विडी ओढताना दिसलं की "हाई काय शे रे?" एवढंच म्हणत, आणि विडी टाकणाऱ्याच्या आधी आजूबाजूचे चार जण सरळ उभे राहत.

हाताखाली माणसं थोडी. पडद्यावर पगारे, दिव्यांवर एक वायरमन, दारावर युसुफभाई, झाडलोटीला सावित्राबाई आणि तिची जाऊ, आणि खिडकीवर मी. प्राध्यापक मंडळींच्या लेखी आम्ही सगळे मिळून 'थिएटरवाले'. साहेबांच्या लेखी मात्र प्रत्येकाचं काम म्हणजे एक खातं होतं आणि तो माणूस त्या खात्याचा प्रमुख. दिव्याबद्दल काही विचारलं तर म्हणत, "वायरमनला विचारा, मी फक्त मॅनेजर आहे."

एकदा मुंबईच्या कंपनीचा एक नावाजलेला नट मेकअपच्या खोलीवरून सावित्राबाईला फार घाण बोलला. ती कोपऱ्यात पदर तोंडाला लावून उभी होती. साहेब आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "तुम्ही बाईंना जे बोललात ते परत घ्या. मग तिसरी घंटा होईल." नट हसला. त्याला वाटलं, गंमत आहे. बाहेर सभागृह भरलेलं. दुसरी घंटा होऊन बराच वेळ गेला, मागच्या लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. कंपनीचा मालक साहेबांच्या विनवण्या करू लागला. साहेब स्टुलावर बसून राहिले. शेवटी तो नट चेहऱ्याला रंग लावलेला तसाच पॅसेजमध्ये आला आणि "मावशी, चुकलं" म्हणाला. साहेबांनी पगारेकडे पाहून बोट वर केलं. घंटा झाली. त्या दिवसापासून आम्हाला वाटायचं, हा माणूस आपल्या पाठीशी आहे तोवर आपल्याला कोणी हात लावू शकत नाही.

पगारे आणि साहेब यांचं तर वेगळंच होतं. दुपारी दोघं विंगेत जुन्या देखाव्याच्या फळीवर बसून जेवत. एकाच्या डब्यातला ठेचा, दुसऱ्याच्या डब्यातली भाकरी. कॉलेजच्या ऑफिसातल्या काहींना ते खटकायचं. मराठ्याच्या माणसानं पगारेच्या डब्यात हात घालावा, हे तेव्हा सगळ्यांच्याच गळी उतरत नव्हतं. साहेबांच्या ते गावीही नसावं. प्रयोग चालू असताना दोघांना बोलावं लागत नसे. साहेब समोरच्या विंगेतून नुसती मान हलवत आणि इकडे पडदा अगदी हवा तेवढ्या वेगानं सरकत जाई. "पडद्यावर पगारे आहे ना, मग मी घरी जाऊन झोपलो तरी चालेल," असं ते म्हणत. गेले मात्र कधीच नाहीत.

पगारेची मुलगी मंगल आमच्याच कॉलेजात बी. ए. करत होती. आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील, त्या साली कॉलेजच्या वार्षिक नाटकात तिला मुख्य काम मिळालं. ज्या रंगमंचावर बापानं जन्मभर पडदा ओढला तिथे मुलगी उभी राहणार, म्हणून पगारे आठवडाभर नीट जेवला नाही. साहेबांनी स्वतः पासेस लिहिले. पहिल्या दोन रांगा कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या पाहुण्यांच्या, म्हणून तिसऱ्या रांगेच्या मधल्या खुर्च्या. एक पगारेची बायको सुमनबाई हिची, एक त्याच्या आईची. म्हातारी खास त्यासाठी दिंडोरीकडच्या गावाहून आली होती. नाटक तिनं कधी पाहिलं नव्हतं. साहेबांनी दोघींना दारापासून खुर्चीपर्यंत स्वतः नेलं. खुर्चीची बसायची फळी मिटलेली असते, ती म्हातारीला कळेना. साहेबांनी ती हातानं दाबून धरली आणि म्हणाले, "बसा आई, आता ही हलायची नाही."

नाटक सुरू झालं. मंगल दुसऱ्या प्रवेशात आली आणि सभागृह शांत झालं. मी खिडकी बंद करून मागच्या दाराशी उभी होते. पोरगी खरंच सुरेख बोलत होती. तेवढ्यात मागे गडबड ऐकू आली. संस्थेचे चिटणीस कोणा पुढाऱ्याला घेऊन आले होते. बरोबर पिंपळगावकडचे व्यापारी, त्यांची माणसं. सांगितले होते त्याहून बरेच जास्त. पहिल्या दोन रांगा भरल्या, तरी काही जण उभेच.

चिटणीस साहेबांना दबक्या आवाजात म्हणाले, "तिसऱ्या रांगेत ते कोण बसलेत?"

"आपल्या पगारेच्या घरचे आहेत. मुलगी काम करतेय."

"म्हणजे आपलेच ना? मग आपल्या लोकांना काय अडचण? उठवा की."

मला वाटलं, साहेब आता त्या नटासारखं याही माणसाला स्टुलावर बसून वाट पाहायला लावतील. पण त्यांनी खिशातला टॉर्च काढला, पायापुरता उजेड पाडत तिसऱ्या रांगेपाशी गेले, वाकले आणि सुमनबाईंच्या कानाशी काहीतरी बोलले.

सुमनबाई उठल्या. म्हातारीला काय चाललंय ते समजेना. तिला हाताला धरून उठवावं लागलं. खुर्चीची फळी मोठ्यानं आपटली. रंगमंचावर मंगल एका लांब वाक्याच्या मध्यावर होती. तिनं पाहिलं. आई उठून चाललीय, आजीला कोणी ओढत नेतंय. तिला वाटलं असणार, घरी कोणाला काहीतरी झालं. ती थांबली. सगळं सभागृह थांबलं. विंगेतून कोणीतरी पुढचे शब्द सांगितले, तेही तिला ऐकू गेले नसावेत. पगारे पडद्याच्या दोरीपाशी उभा होता. पडदा पाडला असता तर कोणी त्याला बोललं नसतं. त्यानं दोरीला हात लावला नाही. विंगेतून मुलीकडे नुसता पाहत राहिला. मग मंगलनं खाली मान घातली, वर केली आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.

सुमनबाई पुरुषांच्या गर्दीत भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. म्हातारीला उभं राहवेना, म्हणून मी तिला बाहेर पायरीवर बसवलं, पाणी दिलं. ती म्हणाली, "सपलं का गं बाई नाटक?" मी नाही म्हणाले. "मग आमाला काहून उठवलं?" आतून टाळ्या ऐकू आल्या. त्या आपल्या नातीसाठी आहेत, हे मी तिला सांगितलं तेव्हा तिनंही बसल्या जागी हात जोडले.

प्रयोग संपल्यावर मंगल चेहऱ्यावरचा रंग न पुसताच साहेबांसमोर येऊन उभी राहिली. "सर, माझ्या आईला कोणी उठवलं?"

"मी," साहेब म्हणाले.

"कोणी सांगितलं म्हणून?"

"मी उठवलं, बेटा."

तिनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि निघून गेली. मी मागे उभी होते, मला राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, चिटणिसांचं नाव का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "त्यांनी तोंडानं सांगितलं. चालत गेलो मी." मग आपणच म्हणाले, "ताई, मला भीती वाटली असती ना, तरी बरं होतं. नोकरी जाईल, पोरं उपाशी मरतील, असं काही मनात आलं असतं तर सांगायला तरी काही होतं. काही आलं नाही. ते म्हणाले आणि मी निघालो."

दोन दिवसांनी त्यांनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही पगारेच्या घरी गेलो. वस्तीतली माणसं दारात येऊन पाहू लागली. सुमनबाईंनी सतरंजी टाकली, चहा केला. साहेबांनी कप हातात घेतला, पण प्यायले नाहीत. शहरी बोलणं त्यांना सुचेना, चूक कबूल करताना अहिराणीच तोंडात आली. "वहिनी, मनं चुकनं," एवढंच म्हणाले.

सुमनबाई चुलीतलं लाकूड पुढे सारत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "साहेब, उठवलं त्याचं नाय एवढं वाटलं. आमी काय, उठायची सवय हाय. पण तुमी हसत आले ना. मला वाटलं, पोरीचं काहीतरी चांगलं सांगाया आलेत. मी पण हसले."

बाहेरच्या माणसाशी हसून बोलावं, ही साहेबांनीच आम्हाला लावलेली शिस्त. युसुफभाईला तर त्यांनी आरशापुढे उभं करून ती शिकवली होती. परतताना आम्ही गंगापूर रोडपर्यंत चालत आलो. सुमनबाईही हसल्या होत्या, हे मला त्या दिवशी सभागृहाच्या अंधारात मागून दिसलं नव्हतं.

त्यांनी भरपाईचा एक प्रयत्न केला. सगळ्या कर्मचाऱ्यांच्या घरच्यांसाठी नाटकाचा पुन्हा एक प्रयोग करायचा, पुढाऱ्यांना आमंत्रण नाही. बाकी मुलं तयार झाली. मंगलनं नकार दिला. "सर, मला आता समोर बघायची भीती वाटते," असं तिनं सांगितलं. ती नंतर कधीच रंगमंचावर आली नाही. शिकली, सुरगाण्याकडे शिक्षिका म्हणून गेली.

पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमात साहेबांनी तिसऱ्या घंटेनंतर मुख्य दाराला आतून कडी घातली आणि स्वतः तिथे उभे राहिले. चिटणीस पाहुण्यांसह पहिला अंक संपेपर्यंत व्हरांड्यात थांबले. त्या महिन्यातच साहेबांची बदली कॉलेजच्या भांडारात झाली. बाकं, खडू, बल्ब यांचा हिशेब. आम्ही सगळे चिडलो, निषेधाचं पत्र द्यायचं म्हणालो. त्यांनी हात जोडले. "नको. हे मी धाडस म्हणून केलं नाही. उशिरा केलं." आणि खरंच, त्यांच्या चेहऱ्यावर लढलेल्या माणसाचं समाधान मला कधी दिसलं नाही. भांडारात ते नीट काम करत. रंगमंदिराकडे मात्र फिरकत नसत. आवारात पगारे समोरून येताना दिसला तर लायब्ररीच्या मागून वळसा घालून जात. समोरासमोर गाठ पडलीच तर मान खाली. निवृत्तीच्या समारंभाला ते आजारपणाचं सांगून आलेच नाहीत, परस्पर गावी गेले.

काही वर्षांनी ते गेल्याची बातमी आली. दहाव्याला मी आणि पगारे एसटीनं त्यांच्या गावी गेलो. त्यांच्या मुलानं आम्हाला ओळखलं. "अण्णा नाशिकचं काही सांगत नव्हते," तो म्हणाला. "विचारलं तर विषय बदलायचे."

परतीच्या गाडीत पगारे खिडकीशी बसला होता. त्याचेही केस पिकले होते, निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते मी विचारलं, "पगारे, तुम्ही त्यांना माफ केलं होतं का?"

त्यानं खिडकीची काच खाली ओढून घेतली.

"ताई, मला लय राग आला होता. मंगलीचं नाटक सुटलं, तो राग अजून हाय. तो जायचा नाय. पण माझं मी बघून घेतलं असतं. शिव्या दिल्या असत्या, पंधरा दिवस बोललो नसतो, मग बोललो असतो. त्यांनी तेवढं पण होऊ दिलं नाय. मला बघितलं की मान खाली, वाट वाकडी. मी भांडारात गेलो होतो एकदा, डबा घेऊन. माहितीय तुमाला? म्हनलं, साहेब, चला, जेवू. ते म्हनले, पगारे, माझी लायकी नाय. आन् दार लोटून घेतलं."

गाडी चांदवडच्या घाटाला लागली होती. पगारेनं डोळे पुसले नाहीत, नुसते मिटून घेतले.

"लायकी कोन बगत होतं, ताई? मला भूक लागली होती."