लॉयड डिट्रिकचे चार इंच

लॉयड डिट्रिक दर रविवारी चर्चमधून आला की कोट काढायच्या आधी कॉम्प्युटर सुरू करतो. ‘डिट्रिकचं मत’ या नावाचं त्याचं इंटरनेटवर एक पान आहे आणि त्यावर तो चौदा वर्षं न चुकता लिहितोय. लेखाचे भाग ठरलेले. आधी टिल्बरी, म्हणजे आमचं गाव. मग देश. शेवटी शुक्रवारचा सामना. गावाच्या भागात तो नगरपरिषदेला झोडपतो, देशाच्या भागात वॉशिंग्टनला. सामन्याच्या भागात कुणालाच नाही. आमचा हायस्कूलचा संघ, ग्लासमेन, एका हंगामात दहाच्या दहा सामने हरला होता, तेव्हाही लॉयडनं मुलांना एक वाकडा शब्द लिहिला नाही.

चाळीस वर्षं त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं. सरकारनं रस्ते करावेत, सैन्य ठेवावं आणि उरलेला वेळ गप्प बसावं, हे त्याचं एकंदर राजकारण. कर कमी, ध्वज रोज सकाळी वर, संप कधीच नाही, आणि ज्यानं चूक केली त्यानं भरावी, दुसऱ्याच्या गळ्यात घालू नये. पान वाचणारे तीनशेच्या आसपास असतील. त्यातले निम्मे चिडायला वाचतात. चिडणाऱ्यांमध्ये पहिला नंबर एमिल हुडाकचा.

एमिल काचेच्या कारखान्यात भट्टीवर होता आणि युनियनचा पदाधिकारी होता. कारखाना बंद झाला, युनियन गेली, पण एमिलचा आवाज तेवढाच राहिला. या दोघांनी आयुष्यात एकाही उमेदवाराला मिळून मत दिलेलं नाही. आणि हेच दोघं सव्वीस वर्षं एका साखळीची दोन टोकं धरून उभे होते.

साखळीचं असं आहे. आमच्याकडचा फुटबॉल हातात चेंडू घेऊन खेळतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, गेलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्या संघाला. ते दहा यार्ड म्हणजे दोन काठ्यांमध्ये बांधलेली साखळी. मागची काठी लॉयडकडे, पुढची एमिलकडे. कितवा प्रयत्न चाललाय त्याची पाटी माझ्याकडे. मी पाण्याच्या प्लँटवर तपासनीस आहे, मोजमापाची सवय आहे, म्हणून सहा वर्षांपूर्वी मला घेतलं. पैसे कुणालाच मिळत नाहीत. सामना फुकट बघायला मिळतो आणि यांचं भांडण जवळून ऐकायला मिळतं. दहा यार्डांवरून भांडायचं म्हणजे ओरडूनच भांडावं लागतं.

नोव्हेंबरमधल्या त्या शुक्रवारी हंगामातला नेहमीचा शेवटचा सामना होता. समोर नदीपलीकडचं वेस्ट हॅरो. जिंकलो तर बाद फेरी, आणि ती आम्ही एकोणीस वर्षांत पाहिली नव्हती. त्यात मंगळवारी नगरपरिषदेची निवडणूक, आणि मतपत्रिकेवर एक प्रश्न: पुलाजवळचा सिग्नल काढून तिथे गाड्या न थांबता फिरत जातील असा गोल चौक करायचा की नाही.

शेवटची चार मिनिटं होती. आम्ही सतरा, ते वीस. आमच्या मुलांनी नवीन दहा यार्ड सुरू केले आणि आम्ही साखळी लावली.

“गोल चौक म्हणे!” लॉयड खाली वाकता वाकता ओरडला. “लाल दिवा लागला की थांबायचं, हिरवा लागला की जायचं. हे कळत नसेल तर गाडी विकून टाका.”

“लाल दिव्यात उभं राहून राहून तुझं डोकं लाल झालंय,” एमिल पलीकडून म्हणाला. “गोल चौकात कुणी कुणाला थांबवत नाही. तुला तर आवडायला हवा. सरकारी दिवा नाही, काही नाही. ज्यानं त्यानं बघून जायचं.”

  लॉयड रेघेवरची नजर काढून एमिलकडे बघत म्हणाला, “हा विचार फ्रान्समधून आलाय!” आणि ते म्हणताना हाताने क्लिप लावून मोकळा झाला.

ती क्लिप म्हणजे साखळीवाल्याचं खरं काम. मैदानावर दर पाच यार्डांवर पांढरी रेघ मारलेली असते. साखळी जिथे ती रेघ ओलांडते तिथे एक छोटी क्लिप लावायची. मोजणी मागितली की पंच ती क्लिप धरून साखळी मैदानाच्या मध्ये नेतात आणि तिथल्या त्याच रेघेवर टेकवतात. पण रेघ चार इंच रुंद असते. म्हणून नियम असा की क्लिप नेहमी रेघेच्या मागच्या कडेला, आणि पंचही ती मागच्याच कडेला टेकवणार. सव्वीस वर्षांत लॉयडनं हजारो वेळा क्लिप लावली असेल. त्याचा अंगठा न बघता मागची कड शोधतो.

तीन प्रयत्न झाले, चौथ्यात चेंडू घेतलेला आमचा मुलगा खेळाडूंच्या ढिगाखाली गेला आणि मोजणी आली. आम्ही साखळी घेऊन धावत आत गेलो. पंचांनी क्लिप टेकवली, एमिलनं साखळी ताणली. चेंडूचं टोक काठीच्या दोन बोटं पुढे! सगळं गाव उभं राहिलं. दोन मिनिटांनी ग्लासमेननी चेंडू शेवटच्या रेघेपार नेला. त्याचे आणि वरच्या किकचे मिळून सात गुण. चोवीस-वीस, आणि त्यावरच सामना संपला. लोक कुंपणावरून उड्या मारून मैदानात आले, बँडवाल्यांनी टोप्या उडवल्या.

लॉयड तेवढा हलला नाही. काठी धरून तो आपल्या अंगठ्याकडे बघत उभा होता.

सामान ठेवायच्या शेडमध्ये साखळी गुंडाळताना तो म्हणाला, “मी क्लिप पुढच्या कडेला लावली होती.”

“कधी?” एमिलनं विचारलं.

“तेव्हाच. मोजणीच्या वेळची. पुढच्या वेळी क्लिप लावायला वाकलो तेव्हा अंगठ्याला कळलं की मघाशी कड वेगळी लागली होती. पण तोवर पुढचा खेळ झाला होता. आता पंचांनाही काही फिरवता येत नाही.”

मी मनात हिशेब मांडला. क्लिप चार इंच पुढे लावली, पंचांनी ती मागच्या कडेवर टेकवली, म्हणजे सगळी साखळी चार इंच मागे आली. चेंडू दीड इंच पुढे दिसला. खरं तर तो अडीच इंच मागे होता. चेंडू वेस्ट हॅरोला जायला हवा होता आणि सामना तिथेच संपला असता.

“नक्की?” मी विचारलं.

“माझ्याच हाताबद्दल विचारतोयस.”

एमिल उलट्या बादलीवर बसला. “कुणी पाहिलं नाही.”

“मी पाहिलं.”

“तू पाहिलंस कुठे? तू तर माझ्याकडे बघून फ्रान्सला शिव्या देत होतास.” मग त्याचा सूर बदलला. “लॉयड, निकाल बदलत नाही. तू लिहिलंस तर होणार काय? पोरांचं तोंड उतरेल आणि डोना तुझी काठी काढून घेईल. दुसरं काही नाही.”

डोना पेट्रेला शाळेच्या खेळांची प्रमुख. नियमाला पक्की.

“घेईल,” लॉयड म्हणाला. तो साखळीची शेवटची कडी आत सरकवत होता आणि ती काही जात नव्हती. सव्वीस वर्षांत त्यानं दोनच सामने चुकवले होते, एक मुलीच्या लग्नासाठी आणि एक मूत्रखड्यासाठी. “पण रविवारी मी सामन्याबद्दल काय लिहू? पोरं छान खेळली, एवढंच? सगळ्यांना वर्षभर सांगत फिरतो की चूक केली तर उभं राहून म्हणा, मी केली.”

“मग दोघांची म्हण,” एमिल एकदम उठला. “बोलत कोण होतं? मी. तुझं लक्ष कुणी काढलं? मी. तिघांची म्हण. हा पाटी घेऊन शेजारी उभा होता, त्यानंही बघितलं नाही.”

“क्लिप माझ्या हातात होती.”

“भट्टीवर काच फुटली की आम्ही कधी एकाचं नाव दिलं नाही. पाळीचं नाव द्यायचो.”

“म्हणूनच कारखाना बंद पडला!”

“कारखाना तुझ्यासारख्या मालकांच्या...” आणि मग तेच सुरू झालं जे सव्वीस वर्षं चाललं होतं. फक्त या वेळी दोघंही भांडत होते ते दोष आपल्याकडे ओढायला. मी शेडला कुलूप लावलं तेव्हा ते पार्किंगमध्ये होते आणि एमिल म्हणत होता, “तू दोषसुद्धा खासगी मालकीचा ठेवणार!”

रविवारी मार्लीननं, लॉयडच्या बायकोनं, त्याला एकच विचारलं म्हणे. “काठी गेली तर शुक्रवारी संध्याकाळी घरी बसून तू काय करशील, याचा मी विचार करायचा का?” तो म्हणाला, “प्रार्थना कर.”

त्या रविवारी पानावर गाव नव्हतं, देश नव्हता. निवडणूक दोन दिवसांवर असून गोल चौकावर एक ओळ नव्हती. फक्त मैदान होतं. कुठल्या रेघेवर, कुठली कड, किती इंच, सगळं लिहिलं होतं. खाली: “मुलांनी काही चुकीचं केलं नाही. मोजणारा चुकला. तो मी. वेस्ट हॅरोच्या मुलांची मी माफी मागतो.” त्यांच्या प्रशिक्षकाला त्यानं आधीच फोन केला होता. प्रशिक्षक म्हणाला, “मिस्टर डिट्रिक, हे मला कळलं नसतं तर मी जरा बरा झोपलो असतो.”

गाव पेटलं. सोमवारी सकाळी डायनरमध्ये लॉयड शिरला तर काउंटरवरची तिन्ही माणसं कॉफीच्या कपात बघायला लागली. चौथा म्हणाला, “आला, प्रामाणिक माणूस आला. एकोणीस वर्षांनी पोरं नाचली, ते बघवलं नाही याला.” लॉयडनं अंडी मागवली, खाल्ली आणि गेला. पानाखाली तीनशेच्या जागी दोन हजार माणसं येऊन गेली. कुणी त्याला गद्दार म्हटलं, कुणी संत. त्याला संत म्हणणाऱ्यांचाच जास्त राग आला. सगळ्यात लांब प्रतिक्रिया एमिलची होती: “लेखकानं सत्य अर्धंच सांगितलं आहे. उरलेलं अर्धं माझं आहे आणि ते मला परत हवं.”

दुपारी डोनानं आम्हा तिघांना बोलावलं.

“मिस्टर डिट्रिक, तुम्ही सांगितलंत याबद्दल मला आदर आहे,” ती म्हणाली. “पण उद्या पुन्हा मोजणी आली तर पाहुण्या संघाला आपल्या साखळीवर भरवसा वाटायला हवा. पुढच्या हंगामात मागची काठी दुसरं कुणी धरेल.”

“बरोबर आहे,” लॉयड म्हणाला. “मीही हेच केलं असतं.”

“बरोबर नाही,” एमिल म्हणाला. “हा नाही तर मीही नाही. संप.”

डोना म्हणाली, “मिस्टर हुडाक, हे फुकटचं काम आहे.”

“मग संपानं तुमचं नुकसानही फुकटच होईल.”

“एमिल, मूर्खासारखं करू नकोस,” लॉयड कुजबुजला. त्याचे कान लाल झाले होते. आयुष्यभर ज्या गोष्टीविरुद्ध लिहिलं, ती आता त्याच्याच नावानं होत होती.

मंगळवारी गोल चौक सव्वाशे मतांनी पास झाला. बाद फेरीचा सामना दूरच्या गावात झाला, तिथे त्यांची साखळी होती, आणि आम्ही एकवीस गुणांनी हरलो. लॉयडनं लिहिलं की मुलं मान वर करून बसमध्ये चढली.

उन्हाळ्यात त्याच्या पानावर एक लेख आला. विषय: एमिल हुडाकचा संप बेकायदा, अनैतिक आणि बालिश कसा आहे. मुद्दे पक्के होते. शेवटचा मुद्दा असा की ज्याच्यासाठी संप केलाय त्यालाच तो नको आहे. एमिलनं खाली लिहिलं, “मालकाचं म्हणणं युनियननं ऐकलं. संप चालू.”

ऑगस्टमध्ये, हंगामाच्या आदल्या आठवड्यात, लॉयड स्वतः एमिलच्या ओसरीवर गेला. मीही होतो, कारण मागच्या काठीसाठी डोनानं पोस्टातला एक माणूस ठरवला होता आणि पुढच्या काठीचं अजून कुणाचंच नक्की होत नव्हतं.

“ऊठ,” लॉयड म्हणाला. “शुक्रवारी काठी धर.”

“तुझ्याशिवाय नाही.”

“तो पोस्टातला माणूस नवीन आहे. त्याला कड दाखवायला कुणी नको? दोघंही नवीन असले तर चार इंचांचे चौदा होतील. तुला चालेल?”

एमिल झोपाळ्यावर जरा हलला. “तो माणूस बोलतो का?”

“नाही. विचारलं मी. त्याला राजकारणात रस नाही.”

“रस नाही?” एमिलला खरोखर धक्का बसला. “मग तीन तास करायचं काय?”

लॉयडनं टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. “मी येईन ना. मैदानावर मला बंदी आहे, बाकांवर नाही.”

“आपली बाकं पलीकडे आहेत. साखळी असते पाहुण्यांच्या बाजूला. तिथून तुझा आवाज बँडच्या गोंगाटात ऐकू यायचा नाही.”

“तेही बघितलंय मी,” लॉयड म्हणाला.

शुक्रवारी आम्ही साखळी घेऊन पाहुण्यांच्या बाजूला गेलो. एमिलनं पोस्टातल्या माणसाला गुडघ्यावर बसवून रेघेची मागची कड तीनदा दाखवली. मागे, पाहुण्यांच्या बाकांवर, पहिल्या रांगेत, त्यांच्या हिरव्या जाकिटांच्या गर्दीत आमचं लाल जाकीट घालून एकटा लॉयड बसला होता. पहिल्या पाच मिनिटांतच ओरडणं सुरू झालं. गोल चौकात बाजाराच्या दिवशी गाड्या अडकल्या होत्या.

“फिरत राहायचं ना, मग थांबले कशाला?” लॉयड कुंपणावरून ओरडला.

“तुझ्यासारखे मध्ये उभे राहून भाषण देतात म्हणून!” एमिल मान न वळवता.

शेजारच्या पाहुण्या बाईंना हा लाल जाकीटवाला आपल्यात का बसलाय ते कळेना. त्यांनी सौजन्यानं विचारलं, “तुमचं कुणी खेळतंय का? कितवा नंबर?”

लॉयडनं साखळीवाल्यांच्या नारिंगी सदऱ्यातल्या, काठी धरलेल्या, टकल्या एमिलकडे बोट दाखवलं.

“तो,” तो म्हणाला. “एकाहत्तर.”

बाई मैदानावर एकाहत्तर नंबर शोधत राहिल्या.

“नंबर नाही,” लॉयड म्हणाला. “वय.”