मुद्दा आभाराच्या आधी

आमच्या समाजशास्त्र विभागात दोन गोष्टी आपोआप साचतात. न तपासलेले निबंध आणि किस्से. निबंधांचे गठ्ठे कपाटावर चढत छताला टेकलेत, किस्से माझ्या डोक्यात. निबंध कुणी वाचणार नाही, किस्से तरी ऐका!

मी तिथं तासिका तत्त्वावर शिकवते. एम.ए.च्या पोरांना शैक्षणिक निबंध कसा आखायचा, कसा लिहायचा, हे शिकवायचं. म्हणजे शिकवायचं असं ठरलंय. माझ्या वरती विभागप्रमुख गव्हाणे सर.

*

पहिल्याच दिवशी मी फळ्यावर लिहिलं, "आपला मुद्दा पहिल्या परिच्छेदात सांगा."

वैभवनं विषय घेतला, आपल्या शहराचा पाणीप्रश्न. सुरुवात पृथ्वीच्या उत्पत्तीपासून. मग समुद्र, मग नद्या, मग पाणचक्की. शेवटच्या पानावर एकच ओळ : "जागेअभावी शहराच्या पाणीप्रश्नावर लिहिता येत नाही."

मी म्हटलं, "वैभव, अरे शहराचं पाणी कुठंय यात?"

"मॅडम, आमच्या गल्लीत तरी कुठं येतंय!"

*

मग मी नियम केला. निबंधाआधी आराखडा दाखवायचा. कुठला मुद्दा, त्याला पुरावा काय, कशानंतर काय. त्याशिवाय लिहायला बसायचंच नाही.

पुढच्या तासाला सगळे आराखडे घेऊन हजर! मला भरून आलं. मग बघितलं तर एक मुलगी सोडून प्रत्येकानं आधी निबंध लिहून काढलेला आणि त्यावरून आराखडा बेतलेला.

"प्रतीक्षा, हे उलटं झालं गं."

"उलटं कसं मॅडम? आमची अख्खी वसाहत अशीच हाय. आधी घर बांधलं, राहायला गेलो, पोरं झाली. नकाशा आत्ता पास करून घेतला, गुंठेवारीत!"

मी आराखड्यावर सही केली. मीही त्याच वसाहतीत भाड्यानं राहते.

*

एका मुलीनं चक्क "माझ्या मते" असं लिहिलं. आनंदानं मला वेड लागायचंच बाकी होतं. वही गव्हाणे सरांकडून परत आली ती लाल गोल घेऊन. शेजारी शेरा : "आपले मत कुणी विचारले?"

मी तडक केबिनमध्ये गेले. "सर, निबंधात स्वतःचं मत हवंच ना!"

"मॅडम, मत द्यायला वय लागतं."

"किती, सर?"

सर चष्मा पुसत म्हणाले, "माझं अजून झालेलं नाही. एवढा मोठा प्रबंध लिहिला, आहे का त्यात कुठं माझं मत?"

मी रात्री जागून चाळला. खरंच नाही!

*

"विरुद्ध बाजूही मांडा आणि मग निष्कर्ष काढा," असं सांगितलं तर एकानं निम्मा निबंध बाजूनं लिहिला, निम्मा विरुद्ध. निष्कर्ष : "दोन्ही बाजू आपापल्या जागी योग्य आहेत."

"अरे, तू कुठल्या बाजूला?"

"पेपर तपासायला कोण बसणार, ते कळू द्या मॅडम. लगेच सांगतो."

*

हा रोग आला कुठून, याचा मी लई विचार केला. एक दिवस नोटीस बोर्डावर कॉलेजच्या कार्यक्रमाची पत्रिका दिसली आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. स्वागत, दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक, मनोगत, मग उरल्या वेळात मुख्य विषय, आभार. बस्स! पोरांनी आयुष्यात हीच एक रचना पाहिलीय. तीच निबंधात उतरते.

वर्गात सांगितलं तर सगळे हसले. पुढच्या निबंधाच्या शेवटी वैभवनं लिहिलं, "वाचकांनी शांतता राखून सहकार्य केल्याबद्दल मी त्यांचे आभार मानतो."

*

आता सुलतानाचं सांगते.

करमाडवरून आत तिचं गाव. अख्ख्या वर्गात निबंधाआधी आराखडा करून आणणारी ही एकटी. पहिलंच वाक्य : "आमच्या गावात मुलींचं शिक्षण घरच्यांमुळं तुटत नाही, शेवटच्या बसमुळं तुटतं." पुढं एकेक मुलगी, एकेक पुरावा. कुठं पाल्हाळ नाय, काय नाय.

आमचा शेवटचा तास सुटायच्या आधी तिची बस सुटते. तास बुडवला तर हजेरी कमी, म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही. तास केला तर अंधारात घरी जायला काहीच नाही. अब्बांनी सांगून ठेवलेलं, "इस महिने में टाइम बदला तो ठीक, नहीं तो बस कर बेटा."

गव्हाणे सरांचं उत्तर ठरलेलं. "वेळापत्रक एका मुलीसाठी बदलत नसतं."

म्हणून निबंधवाचनाचा कार्यक्रम ठरला, तेव्हा सुलताना खूश. प्राचार्य समोर बसणार. तास पुढं-मागं करणं त्यांच्या हातात.

"मॅडम, त्यांनी ऐकलं तर बदलतील ना?"

"ऐकलं तर बदलतील," मी म्हटलं.

पत्रिकेत तिचं नाव शेवटी. आभाराच्या आधी.

"सर, तिला पहिली घ्या. तिची बस असते."

"मॅडम, कार्यक्रमाला क्रम असतो."

प्रमुख पाहुणे क्रांती चौकातल्या गर्दीत अडकले. पाहुणे आले तर पंख्यामुळं समई पेटेना. पंखा बंद केला तर पाहुण्यांना गरम व्हायला लागलं. मग सत्कार. ज्यांनी सत्कार केले, त्यांचेही सत्कार. मग सरांचं प्रास्ताविक, विषय "स्त्रीशिक्षण : काल, आज आणि उद्या". सर अजून कालमध्येच होते.

सुलताना तिसऱ्या रांगेत, मी पुढं माइकशेजारच्या खुर्चीत. घड्याळाकडं बघायची, मग माझ्याकडं, मग दाराकडं.

मी सरांना चिठ्ठी सरकवली. त्यांनी ती माइकवर वाचली. "वेळ कमी असल्याची सूचना आलेली आहे. म्हणून थोडक्यात सांगतो." आणि परत कालमध्ये गेले.

ती उठली. माझ्याजवळ येऊन वाकली. "मॅडम, जाती मैं." ओढणी सावरली आणि मागच्या दारानं पळत सुटली.

बऱ्याच वेळानं पुकारा झाला. "सुलताना... सुलताना आहे का?"

सगळे मागं वळून बघायला लागले. तिसऱ्या रांगेतली खुर्ची रिकामी.

सर प्राचार्यांकडं वळून हसले. "बघा साहेब, एवढं व्यासपीठ मिळवून दिलं. पण आजकालच्या मुलींना वेळेचं भानच नाही!"

प्राचार्यांनी मान डोलावली.

मग सरांनी माइकवर हात ठेवला, माझ्याकडं झुकले आणि हळूच विचारलं, "मॅडम, तिच्या निबंधाचा विषय काय होता हो?"