गुलाबला दिलेलं उत्तर

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, मुलाला तर नाहीच. आईला अर्धं ठाऊक होतं, ती गेली. तुम्हाला का सांगतेय? — माहीत नाही. दोनदा लिहायला बसले आणि दोनदा चहा टाकायला उठले. आता बसते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वाशीच्या नव्या वसाहतीत आम्ही फ्लॅट घेतला होता आणि मी पीएचडीला लागले होते. विषय — बाळंतिणीचं मन. बाळ झाल्यावर काही जणी रडत का बसतात, बाळाकडे पाठ का करतात. लोक हसायचे. बाळंतिणीला डिंकाचे लाडू लागतात, मन कसलं? हाच विषय का, असं सरांनी विचारलं तेव्हा मी काहीतरी पुस्तकी उत्तर दिलं. तेही खोटंच — पण ते जाऊ दे. नाही, जाऊ कसं देऊ? सगळं तिथूनच तर सुरू होतं.

माझा मुलगा झाला तेव्हा मी माहेरी होते, दादरला. तो मला नकोसा झाला होता. तो रडायचा आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायचे. एका दुपारी त्याला जमिनीवर ठेवलं, दार ओढून घेतलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले — रडणं ऐकू येईना तेव्हा मला बरं वाटलं. आई सगळ्यांना सांगायची, अशक्तपणा आहे. काही महिन्यांनी ते ओसरलं. मुलगा माझा झाला. मी कुणापाशी चकार शब्द काढला नाही.

मग घणसोली गावात गुलाब भेटली. मिठागरावर राबणाऱ्या घरातली सून, विशीचीही नसेल, पहिलीच मुलगी झालेली. माझ्या अभ्यासासाठी मी तिच्याकडे अधूनमधून जायचे. सासू चहा ठेवायला आत गेली की ती बोलायची. एकदा तिने माझा हातच धरला.

"ताय, खरा सांगा. मना पोरीला जवल घ्यावासा वाटत नाय. तुमाना आसा कदी झाला व्हता?"

किती सोपं होतं. हो म्हणायचं. झालं होतं, जातं ते, जरा थांब. ते जातं हे मला पक्कं ठाऊक होतं, माझंच गेलं होतं. पण संशोधकाने स्वतःविषयी बोलू नये असा नियम होता — आणि मी तो पदरासारखा पुढे ओढला. नियम तरी काय, गप्प बसा एवढंच सांगत होता. मी 'नाही' म्हटलं. वर हसून म्हटलं, मला तर पोराला खाली ठेवायला जीव व्हायचा नाही. का म्हटलं असं? चांगली आई दिसावी म्हणून. कुणाला? जिला माझं आडनावही ठाऊक नव्हतं तिला.

पुढच्या खेपेला आढ्याची झोळी सोडलेली होती. मुलगी जवळच्या पावणे गावातल्या नणंदेला देऊन टाकली होती. नणंदेला मूल नव्हतं. गुलाब शांत होती.

"तुमाना नाय झाला, कोनाला नाय झाला," ती म्हणाली. "मंग माजाच कायतरी वाकडा हाय. पोरगी तिकरंच बरी."

तेव्हा तरी? घरात आम्ही दोघीच होतो. पावणं काही लांब नव्हतं, पोर परत आणता आली असती. मी तिच्या तब्येतीची चौकशी केली आणि बस पकडली. प्रबंधात मात्र ठणकावून लिहिलं — ही अवस्था तात्पुरती असते, आईला धीर द्यावा, बाळ तिच्यापासून तोडू नये. सरांनी त्या पानांचं कौतुक केलं. मला ते आवडलंही. आवडलं, हेही लिहायला हवं.

गुलाबचंही ओसरलं. मग ती पावण्याला गेली, मुलगी मागायला. नणंदेने दिली नाही.

ऐंशी उलटून काही वर्षं झाल्यावर मी गावच्या जत्रेला गेले होते. गुलाबने आग्रह करून घरी नेलं. ओट्यावर परकर-पोलक्यातली एक मुलगी पाय हलवत बसली होती. गुलाबसारखंच रुंद कपाळ.

"मामी, मना पानी दे," ती म्हणाली.

गुलाब लगेच उठली. तिला पाणी दिलं, कपाळावरचे केस मागे सारले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "नंदेची पोर."

कुणाची ते मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तिलाही. मी म्हटलं, गोड आहे.